गरिबीत वाढलेली माणसं रेशन कमी मिळालं तरी तक्रार का करत नाहीत? त्यांना अन्याय कळत नाही का?

कळतो, आणि लख्ख कळतो. पण तक्रारीची किंमत काय पडते हेही त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. वस्तीत रेशनकार्डाचे अर्ज भरून देताना मी हे सतत पाहते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य ठरवून दिलंय, अंत्योदय कार्डाला 35 किलो. पिशवी उचलल्याबरोबर बाईला कळतं, किलोभर कमी आहे. पण पुढच्या महिन्यात अंगठा लावायला त्याच दुकानदारासमोर उभं राहायचं असतं. कार्ड आता दुसऱ्या दुकानातही चालतं, पण ते दुकान लांब. तहसील कचेरीची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि ती किलोभर गव्हापेक्षा कितीतरी महाग. म्हणून "मिळतंय ते घे, गप बस" हे पोरांच्या कानावर रोज पडतं. मोठेपणी पगार कापला गेला तरी त्यातल्या अनेकांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांना भित्रं म्हणणं मला पटत नाही. हीच माणसं नळावर कुणी मध्ये हंडा घुसवला तर ताडकन बोलतात, कारण तिथे समोरचा आपल्याच बरोबरीचा असतो.

अर्थात सगळेच गप्प राहतात असं नाही. दहा-बारा बायका मिळून गेल्या की तक्रार एकटीच्या माथी बसत नाही, आणि मग त्या पावतीवरचा आकडा दाखवून भांडतात. घरूनच तक्रार करायची असेल तर 1967 ही हेल्पलाइन आहे.