रिपोर्ट वाचला, पण बालवाडी कळली का?

प्रश्न: ताई, आम्ही ऑकलंडला असतो, मुलगी ३ वर्षांची. घराजवळच्या डे केअरचा सरकारी रिपोर्ट वाचला तर त्यात लीडरशिप, गव्हर्नन्स, करिक्युलम असलंच सगळं, डोक्यावरून गेलं. बघायला गेलो तर मुलं चिखलात खेळत होती आणि इकडे सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात की एबीसीडी कधी शिकवणार. काय बघून ठरवायचं?

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू. न्यूझीलंडमधल्या बालवाड्यांचा अभ्यासक्रम म्हणजे 'ते फारिकी', १९९६ चा, २०१७ मध्ये सुधारलेला, नावाचा अर्थच विणलेली चटई, आणि त्यात अमुक महिन्यात अमुक अक्षर असं काही नाहीच, स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध असे ५ धागे आहेत. (सासूबाईंना सांगा, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं तेव्हा तिथेही मुलं खडे, शिंपले, पानं घेऊनच शिकायची.) पण चिखल आहे म्हणजे शिकवणं चांगलं, असंही नाही हं! टीचर मुलांशी बोलतेय की कडेला उभी राहून नुसती राखण करतेय ते बघा. नमुन्याला एखादी लर्निंग स्टोरी, म्हणजे मूल कसं शिकतंय याची टीचरने लिहिलेली नोंद, मागा, 'आज रंगकाम केलं, मज्जा आली' एवढंच असेल तर तो फोटो अल्बम झाला, मूल कुठे अडलं आणि मग टीचरने काय केलं हे त्यात यायला हवं.

लीडरशिपसाठी मॅनेजरला एकच विचारा, गेल्या वर्षी स्वतःचं काम तपासून तुम्ही काय बदललंत आणि मुलांना त्याचा काय फरक पडला? मग तेच वर्गातल्या टीचरला विचारा. मॅनेजर घडाघडा बोलली आणि टीचर गोंधळली तर ते सगळं फायलीतच आहे समजा.

गव्हर्नन्स म्हणजे पैसा आणि निर्णय कोणाच्या हातात, कंपनीच्या, असोसिएशनच्या, की १९४१ पासून चालत आलेल्या प्लेसेंटरसारखं पालकांच्याच. दिवसभराच्या सेंटरला २ वर्षांवरच्या २० मुलांमागे २ मोठी माणसं हा कायद्याने किमान आकडा, माझ्या मते तो कमीच आहे, तेव्हा त्याच्यावर एखादं माणूस जास्तीचं ठेवतात का आणि टीचर आजारी पडली तर काय करतात हे स्पष्ट विचारा, लाजू नका.

आणि रिपोर्टची तारीख बघितलीत का? त्यानंतर मॅनेजर बदलली असेल तर लीडरशिपचा तो सगळा पॅरा दुसऱ्याच बाईंबद्दल आहे.