कोल्हापूरहून दिवाळीनंतर दहा-बारा जणांची एक दिवसाची बाईक राइड काढायची आहे. रूट कुठला घ्यावा आणि नवख्यांना सगळ्यात मागे ठेवलं तर चालेल का?

रूटचं नंतर बघू. नवख्यांना मागं ठेवायचं वाचलं आणि राहवलं नाही. नाही चालणार. सगळ्यात मागं ग्रुपातला मुरलेला माणूस पाहिजे, ज्याला चेन चढवता येते, पंक्चर काढता येतं आणि पुढचे दिसेनासे झाले तरी जो उगाच एक्सलेटर पिळत नाही. नवखा लीडरच्या लगेच मागं, दोन नंबरला. तिथं तो आरशात दिसत राहतो आणि ग्रुपचा स्पीड त्याच्यावर ठरतो. शेवटच्याला नेहमी पुढच्यापेक्षा जास्त पळवावं लागतं, कारण पुढचा गतिरोधक ओलांडून साठला पोचलेला असतो तेव्हा शेवटचा अजून गतिरोधकावरच असतो आणि मग ती गॅप भरायला तो ऐंशीनं सुटतो. हे काम नवख्याला देता व्हय?

आता मला हे का टोचतंय ते सांगतो. आमच्यात पुढं कायम आमचे दाजी, बुलेटवर. मागं कायम मी. आणि घरात कुठलंही जेवण असू दे, दाजींचं एक वाक्य ठरलेलं, "हा काय, मागंच राहतोय." सगळे हसतात. ताईचा नवरा म्हटल्यावर आपण काय बोलणार, भाकरी मोडायची आणि गप्प बसायचं.

तुळशीचं लग्न झाल्यावरचा रविवार होता. गगनबावड्याला जायचं, सुमारे 55 किलोमीटर, रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. फुलेवाडीच्या नाक्यावर जमलो, दाजींनी भाषण केलं (कुणी ओव्हरटेक करायचं नाही वगैरे) आणि बालिंग्याच्या पुलावर धुकं लागलं तसे स्वतःच दिसेनासे झाले. कळे गावापर्यंत कसंबसं एकत्र होतो. असळजच्या अलीकडं एका कॉलेजच्या पोराची चेन उतरली. मी थांबलो, म्हणजे थांबणारच, शेवटच्याचं कामच ते. चेन लय ढिली होती, मागचं चाक सरकवून ताणून घेतली, हात पुसले आणि निघालो.

गगनबावड्यात गेल्यावर फाट्यावर कोणीही नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, तिथून कोकणात दोन घाट उतरतात, एक करूळ, वैभववाडीकडं, आणि दुसरा भुईबावडा, खारेपाटणकडं. फोनला रेंज नाही. चहाच्या गाड्यावरच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "काय तिकडं गेलीत, काय हिकडं गेलीत. भांडलाय का काय?"

झालं असं, की दाजी आणि पुढची चौकडी न थांबता करूळ उतरली. मधले तिघं मागून आले, त्यांना फाट्यावर कोण दिसलं नाही, त्यांनी एका गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला बाईकवाले खाली गेले, आणि हे भुईबावडा उतरले. त्यात एकाच्या मागं बायको बसलेली आणि टाकी रिझर्व्हला आलेली. दाजींना रस्ता पाठ आहे, ते कुठंही पोचतील, म्हणून पोराला मावशींकडं बसवलं आणि मी या तिघांच्या मागं गेलो. निम्म्या घाटात एका वळणाच्या पुढं कडेला उभे होते, वहिनी रडकुंडीला आलेल्या आणि नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. तिघांना घेऊन वर आलो, बावड्यात पेट्रोलची सोय बघितली, वडापाव खाल्ला आणि वाट बघत बसलो. दाजी वैभववाडीत माशाचं जेवण उरकून चारच्या सुमाराला वर आले आणि गाडीवरून उतरायच्या आत म्हणाले, "कुठं हरवला होता रं? लोकेशन टाकलं होतं की." रेंज नसलेल्या डोंगरात लोकेशन!

फाट्यावर एक माणूस उभा करायला काय लागतं? नवख्यांच्या लगेच मागच्यानं थांबायचं, शेवटचा आला की त्याच्या पुढं लागायचं, पुढच्या फाट्याला त्या जागी आलेला नवीन माणूस. फोन लागत नाही, नकाशा लागत नाही, काय सुद्धा लागत नाही. फक्त लीडरला मागचे लोक आपले वाटले पाहिजेत.

येताना अंधार पडला. नोव्हेंबरअखेरीला सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि त्याआधीचा तासभरही वाईटच, आपण कोल्हापूरकडं येताना ऊन पाठीवर म्हणून आपल्याला सगळं झकास दिसतं, पण समोरच्याच्या ते थेट डोळ्यात असतं, त्याला आपण दिसतोय असं धरून चालू नका. शिवाय गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं हातभर बाहेर, मागं लाईट नाही आणि स्पीकर एवढा मोठा की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नाही. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात आणि काम झालं की दगड तिथंच सोडून जातात. कळ्याच्या अलीकडं असाच एक भला मोठा दगड रस्त्यात. दाजींनी सफाईनं चुकवला. पाय बाहेर काढून मागच्याला खूण करायला किती वेळ लागतो? नाही केली. मागचा सरळ दगडावर गेला, पडला नाही हे नशीब, पण रिम दबली आणि ट्यूबला दोन भोकं. ठिगळाचं सामान आणि पंप कुणाकडं निघाला ते सांगायला नको. एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात रिम ठोकून घेतली. दाजी म्हणाले, त्यानं बघायला पाहिजे होतं.

तर रूट. दहा-बारा जण आणि त्यात नवखे असतील तर बावडाच करा, पण घाट उतरू नका, पळसंब्याचं रामलिंग बघा, गगनगडावर जा आणि तीनच्या आत परतीला लागा. राधानगरी-दाजीपूर जंगल म्हणून जास्त चांगलं, पण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. आंबा घाटाचा रस्ता हायवे आहे, ट्रकच्या मागं ग्रुप तुटतो. सकाळी दवानं रस्ता ओला असतो, त्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल आणि चेंगरलेला ऊस, वळणावर पुढचा ब्रेक जपून. सरळ रस्त्याला डावी-उजवी अशी ओळ, घाटात एकामागं एक.

हां, चारच जण असाल तर एवढं काय करायची गरज नाही. घाट उतरायचाच असेल तर चालू आहे का आधी विचारा, करूळ 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद होता. आणि दाजी गाडी चांगली चालवतात हे खरं आहे, माझ्यापेक्षा चांगली. पुढं चालवायला म्हणून ते नकोत, एवढंच म्हणणं आहे.

आणि दाजी, वाचत असाल तर, दगड अंधारात दिसला नाही असं हल्ली तुम्ही सगळ्यांना सांगताय. त्याच रात्री जेवताना "मी कसा चुकवला" म्हणून ताट बाजूला सारून हातवारे करून दाखवलं होतं. ताईला विचारा.