जळगावात राहून जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करता येईल का?

येईल. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, नोकरी जळगावात आहे आणि एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार मनात भरली आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का, असं विचारलंय. मी भुसावळचा. आयुष्यभर हाच नाद केला, आणि माझ्या मते या कामाला आपला खानदेशच बरा. मोठ्या शहरात पार्ट मागवायची सवय असते. आपल्याकडे जिनिंगच्या अन् ऑइल मिलच्या मशिनी वर्षानुवर्षं चालू ठेवणारे लेथवाले आहेत. झिजलेला बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) हातात दिला की माप घेऊन नवा काढून देतात.

या गाडीचा खरा जीव लाकडात आहे. टीसी (१९४५ ते १९४९) ची चॅसिस, म्हणजे खालची चौकट, लोखंडी, पण बॉडीचा सांगाडा ॲश या विलायती झाडाच्या लाकडाचा, त्यावर पत्रा. ॲश इथे कुठून आणणार? मी पाडलेल्या वाड्यांतला साग घेतो. पुरता वाळलेला असतो, वाळवीही सहसा लागत नाही. सांधे करायला बैलगाड्या केलेला सुतार शोधा. रस्त्याचे हिसके लाकडाच्या कुठल्या सांध्यावर येतात हे त्याला सांगावं लागत नाही.

इंजिन १२५० सीसीचं. एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, त्यामुळे आटे मेट्रिक राहिले आणि बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. पान्यांचा व्हिटवर्थ सेट आणि मेट्रिक थ्रेड गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) आधी घ्या, मगच इंजिनला हात लावा. बॅटरीचं प्लस टोक चॅसिसला जोडलेलं असतं, तेही ध्यानात ठेवा.

आपल्या मे महिन्यात कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, कारण एक्झॉस्ट त्याच बाजूला आहे. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे घाला.

कागदांचं थोडक्यात: २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं, पण रोजच्या वापराला परवानगी नाही. आरसी बुक नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. दार उघडून हलकेच वर उचला. कडेच्या खांबासकट हललं, तर आतलं लाकूड गेलंय. भाव त्या हिशोबाने करा.