'बायकांसारखा रडू नकोस' म्हटलं तर त्यात एवढं काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की मुलाला असं म्हणणं ही नुसती बोलायची पद्धत आहे, त्यात बायकांचा अपमान कुठून आला. आमच्याकडे हेच वाक्य माझ्या भाच्याला म्हटलं गेलं तेव्हा त्याची नऊ वर्षांची बहीण शेजारीच जेवत होती. आदल्याच आठवड्यात सायकलवरून पडून तिच्या हनुवटीला तीन टाके पडलेले आणि पोरीने हूं की चूं केलं नव्हतं. तिने ते ऐकलं, एकदा भावाकडे बघितलं आणि खाली मान घालून वरणभात कालवत बसली. मला ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आणि हे एक वाक्य नाहीये हो. मुलीचं लग्न लांबलं की ती घोडनवरी, लग्न ठरलं की 'खपली एकदाची', नवरा बायकोचं ऐकतो म्हणजे तो बाईलबुद्ध्या. बाळाच्या पाचवी-सहावीला आपण सटवाईची पूजा करतो, ती नशीब लिहिते म्हणून, आणि सुनेला शिवी द्यायची तर सटवी. साताऱ्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकोशी' नाव ठेवलेल्या मुली होत्या, २०११ मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून त्यांची नावं बदलली, तोपर्यंत शाळेत रोज हजेरीला त्यांना तेच ऐकायला लागायचं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते लग्नपत्रिकेतलं. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी घरातल्या लग्नाच्या पत्रिकेत आईच्या नावापुढचं सौ. गेलं आणि गं. भा. आलं. त्याच पत्रिकेत माझे एक काका होते, काकू जाऊन चार वर्षं झालेली, ते मात्र आधीही श्री. आणि नंतरही श्री. म्हणजे बाईचा नवरा आहे का नाही हे पाचशे घरांत छापून कळवायचं आणि पुरुषाचं कोणी विचारायचं पण नाही. मी काकांना म्हटलं तर ते म्हणाले, अगं पद्धत आहे. तुमचाच शब्द. कोल्हापुरातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, तीही पद्धतच होती की. आणि पुढच्याच वर्षी 'विधवा'ऐवजी गंगा भागीरथी म्हणायचा प्रस्ताव सरकारकडून आला तेव्हा मला खरंच संताप आला, कारण शब्द गोड केला तरी बाईला ओळखायचं ते नवरा गेलेली म्हणूनच ना. लोकांनी भरपूर विरोध केला ते बरं झालं.

भावाच्या लग्नात मी भांडून आईचं नुसतं नाव आणि आडनाव छापायला लावलं. कोणीही काहीही म्हटलं नाही.

मुलगा रडला तर 'कुठं लागलं रे, दाखव' म्हणा ना. तेवढंच पुरतं.