निर्दोष सुटलो, आता सरकारवर दावा करता येईल का?

प्रश्न : चोरीच्या खटल्यातून सात वर्षांनी संशयाचा फायदा मिळून सुटलो. तीन महिने तुरुंगात होतो, नोकरी गेली. भरपाई मागता येईल का?

मागता येईल, पण नुसतं निकालपत्र पुढे करून ती मिळणार नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर होतं. भरपाईच्या दाव्यात ते तुमच्या डोक्यावर येतं. खटला समोरच्याने भरला किंवा भरायला लावला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी आधार नव्हता, त्यामागे द्वेषबुद्धी होती आणि त्यातून तुमचं नुकसान झालं, हे सगळं तुम्हाला दाखवावं लागतं. बहुतेक दावे ‘आधार नव्हता’ आणि ‘द्वेषबुद्धी’ या दोन मुद्द्यांवर आपटतात.

म्हणून निकालपत्र पुन्हा वाचा. ‘पुरावा अपुरा’ एवढंच लिहिलं असेल तर बाजू कच्ची आहे. पण पंचाने उलटतपासात ‘माझ्या सह्या पोलीस ठाण्यातच घेतल्या, मी घटनास्थळी गेलोच नाही’ असं सांगितलं असेल आणि न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्यावर ताशेरे ओढले असतील, तर तुमच्या हाती बरंच काही आहे. त्या साक्षीची आणि रोजनाम्याची प्रमाणित नक्कल आजच मागवा.

प्रश्न : वकील म्हणतात, एक वर्ष आहे, घाई नको. खरं का?

अर्धंच खरं. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ प्रमाणे बेकायदा कैदेच्या दाव्याला कैद संपल्यापासून एक वर्ष मिळतं. द्वेषमूलक खटल्याच्या, म्हणजे वर सांगितलेल्या द्वेषबुद्धीने भरलेल्या निराधार खटल्याबद्दलच्या, दाव्याला अनुच्छेद ७४ प्रमाणे निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य प्रकारे संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे दोन घड्याळं वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात. जामिनावर बाहेर आल्यावर खटला सहा वर्षं चालला, तर कैदेच्या दाव्याची मुदत तुम्ही सुटण्याआधीच संपलेली असते. हे अनेकांना फार उशिरा कळतं.

त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आहे. कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर दावा करायचा तर कृत्यापासून ६ महिन्यांची मुदत आणि त्याआधी किमान एक महिन्याची नोटीस. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. ‘हे कृत्य कर्तव्यात बसतच नाही’ असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबून राहणं मला पटत नाही. छोटी मुदत धरूनच चाला. शिवाय सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने मुदतीच्या हिशेबातून वगळले जातात, तरी नोटिशीची पोच जपून ठेवा.

प्रश्न : भावाला शुक्रवारी रात्री उचललं, कागदावर अटक सोमवारी सकाळची आणि दुपारी कोर्टात उभं केलं. पुरावा कुठून आणायचा?

संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. मधले तास कागदावरून गायब करणं ही जुनी युक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तर निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला आहे. त्या तीन दिवसांचं चित्रण राखून ठेवा, असा लेखी अर्ज ताबडतोब द्या. पोच मिळेना तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. भावाच्या मोबाइलचं लोकेशन आणि शनिवारी ठाण्यात डबा घेऊन गेलेल्या माणसाचं नाव, दोन्ही कामाला येतं.

एक मर्यादा मात्र आहे. दंडाधिकाऱ्यांनी रिमांड दिल्यानंतरची कोठडी न्यायालयाच्या आदेशाची ठरते, त्यामुळे ‘बेकायदा कैद’ साधारण तिथवरच मोजली जाते. मूलभूत हक्कांचा भंग कागदावरूनच स्पष्ट दिसत असेल तर दिवाणी दाव्यापेक्षा उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका (हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयाकडे केलेला अर्ज) बरी. तथ्यांवरच वाद असेल तर न्यायालय तुम्हाला दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवेल.

प्रश्न : ‘सार्वभौम काम होतं’ म्हणून सरकार हात झटकेल का?

सार्वभौम काम म्हणजे अटक-जप्तीसारखं, फक्त सरकारच करू शकतं असं काम. दिवाणी दाव्यात हा बचाव घेण्याचा प्रयत्न सरकार जरूर करेल. १९४७ साली मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या एका पेढीच्या भागीदाराला पकडून त्याचं सोनं-चांदी जप्त केलं. चांदी परत मिळाली. सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात सरकारला जबाबदार धरलं नाही, आणि तो निर्णय आजही पुढे केला जातो.

रिटमध्ये ही ढाल चालत नाही. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरले आणि १९८२ मध्ये तुरुंगातून बाहेर आले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तात्पुरते ३० हजार रुपये देववले, दिवाणी दाव्याचा मार्गही खुला ठेवला. पुढे १९९३ च्या निलाबती बेहरा निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्कभंगाच्या भरपाईला सार्वभौमत्वाचा बचाव लागू नाही.

प्रश्न : शेजाऱ्याने खोटी फिर्याद दिली. पोलिसांनी बी समरी पाठवली, कोर्टाने मंजूर केली. त्याच्यावर दावा करता येईल?

बी समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, हे तुमच्या बाजूचं. पण खटला उभाच राहिला नसेल तर द्वेषमूलक खटल्याचा दावा डळमळतो. अशा वेळी बदनामीचा मार्ग तपासा. खटला चालून सुटला असाल तर जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्या फिर्यादीवर दावा होतोच, पोलिसांमार्फत खटला चालला तरीही.

प्रश्न : शेवटी किती मिळतात?

निराधार अटकेबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्ये कमाल रक्कम १,००० रुपये आहे. दुसऱ्या टोकाला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन. १९९४ मध्ये अटक, १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख देववले. पुढे दिवाणी दावा मिटवताना केरळ सरकारने १.३ कोटी दिले. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात यासाठी विशेष न्यायालयं सुचवली, पण तसा कायदा झालेला नाही. त्यामुळे आकडा न्यायाधीशांच्या मनावर आणि तुमच्या कागदांवर ठरतो. वकिलाच्या फीच्या पावत्या, कामावरून काढल्याचं पत्र, तारखांना गेल्याच्या दिवसांचा बुडालेला पगार, जामिनासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, एवढं फाइलला लावूनच वकिलाकडे जा.