डेटा मायग्रेशनचं, म्हणजे जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीमवर हलवण्याचं, प्लॅनिंग कसं करावं? टूल कोणतं घ्यावं?

टूलने फारसा फरक पडत नाही. तपासायला कोण बसणार ते आधी ठरवा, आणि ते काम एकट्या आयटीवाल्यांवर सोडू नका.

ठाण्यातल्या एका पतसंस्थेचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवरचं सॉफ्टवेअर बदलत होतो. मी संस्थेच्या बाजूने. व्हेंडरचा, म्हणजे नवं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा, मॅनेजर महापेहून यायचा. ट्रायल लोड, म्हणजे नव्या सिस्टीममध्ये चाचणीपुरता डेटा भरून, झाल्यावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘काउंट मॅच आहे सर, साइन-ऑफ द्या.’ म्हणजे जुन्या-नव्या रेकॉर्डची संख्या जुळते, मंजुरीची सही करा. ठेवींची बेरीजही पैशापर्यंत जुळत होती. मी म्हटलं, काउंटरवरच्या मॅडमना जुन्या पावत्या घेऊन बसवू. तो हसला. ‘युजरला आत घेतलं की प्रोजेक्ट लांबतो.’

मॅडम बसल्या. चहा यायच्या आत म्हणाल्या, ‘ही एफडी ४ नोव्हेंबरला भरते, इथे ११ एप्रिल कसं?’ पुढची पावती २५ तारखेची, ती बरोबर. मग उलगडा झाला. मधे कुणीतरी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये उघडून एक्सेल फाइल म्हणून सेव्ह केली होती आणि त्या मशीनवर तारखेची सेटिंग अमेरिकन. १२ पर्यंतच्या तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल झाली; पुढच्या वाचल्या, कारण तेरावा महिना नसतो. एकही रेकॉर्ड हरवला नव्हता. काउंटला हे जन्मात दिसलं नसतं.

तेव्हा एक्सेल मधे आणूच नका. ते आकड्याच्या सुरुवातीची शून्यं खातं आणि १६ आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य करून ठेवतं. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, बदलायचं काम वेगळं धरा, त्यातली जोडाक्षरं माणसानेच वाचावी लागतात.

आणि हे फक्त पतसंस्थेचं रडगाणं नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांचा डेटा एका वीकेंडला नव्या सिस्टीमवर हलवला. दोन डेटा सेंटरपैकी एकाचंच टेस्टिंग झालं होतं. लाखो लोकांना खाती वापरता येईनात आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पाउंडांचा दंड बसला. म्हणे युजरमुळे प्रोजेक्ट लांबतो!

साइन-ऑफवर लेखापालाची सही घ्या. व्हेंडर कुरकुरला तर कुरकुरू दे.

वेळेचं म्हणाल तर निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जातो असं धरून चाला. हां, डेटा अगदी थोडा असेल, दोन-तीन टेबलांचा (तक्त्यांचा), तर एवढा घाट घालू नका. शनिवारी रात्री हलवा, पण जुनी सिस्टीम लगेच बंद करू नका.