उत्तर: क्लच हाउसिंगमधून ठिबकणारं ऑइल आणि सायलेन्सरचा जाम नट

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतंय, मेकॅनिक म्हणतो मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं, आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला तर सायलेन्सर पाइपच्या फ्लँजचा (जोडाच्या चकतीचा) एक नट काही केल्या हलत नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं, हे मीच लिहून विसरलो की काय! जुनं इंजिन, तेच दुखणं, तोच नट. फरक एवढाच की तुम्ही नटापाशी थांबून विचारलंत. मी पान्याला पाइप घातला.

मी शिकलेला मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. स्वतःच्या ट्रकखाली पाठ घासून जे कळलं तेवढंच लिहितोय. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काही वेगळं म्हणत असेल तर मॅन्युअलचं ऐका. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

तर माझी कथा. क्लच हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खाली रोज सकाळी थेंब दिसायचे. सगळे म्हणाले मागचं सील, मीही म्हटलं मागचं सील. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवणं आलं. फ्लँजला तीन स्टड (बिनडोक्याचे, रोवलेले बोल्ट), दोन नट निघाले. तिसऱ्याच्या रिंग पान्यात हातभर पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. नट फिरला. मऊ, लोण्यासारखा. मला केवढा आनंद! गंजलेला नट आधी करकरतो, मग सुटतो. न करकरता मऊ फिरला तर समजा स्टड पिळवटतोय. पाव फेऱ्यानंतर अर्धा स्टड नटासकट हातात आला.

मग ड्रिल मारून एझी-आउट घातला. एझी-आउट हे हत्यार मोडलेला बोल्ट काढण्यासाठी विकतात खरं, पण ज्या गंजानं स्टडाचं डोकं तोडलं तो गंज आत तसाच असतो, आणि एझी-आउट तर स्टडापेक्षा बारीक. बारीकसा 'टक्' आवाज आला, तुकडा आत. तो इतका कडक पोलादाचा की साध्या ड्रिलचं टोक त्यावर नुसतं घसरतं, लाल होतं. म्हणून मॅनिफोल्डच (इंजिनातला धूर गोळा करणारा, ज्यात हे स्टड रोवलेले असतात तो भाग) उतरवायला घेतला, तर त्याचेही दोन बोल्ट इंजिनाच्या हेडमध्ये मोडले. एका स्टडाचे तीन झाले. मॅनिफोल्ड एका मशीन शॉपमध्ये दिला. नाव घेत नाही. तीन आठवडे 'उद्या या' ऐकलं आणि शेवटी भोक एका बाजूला सरकलेलं, तुकडा आतच, असा परत मिळाला. वर मलाच शहाणपण, 'जुना माल असाच असतो.' जुना माल होताच, पण मी दिला तेव्हा त्यातलं भोक मधोमध तरी होतं!

हे सगळं निस्तरून गिअरबॉक्स उतरवला, नवीन सील बसवलं, सगळं जोडलं. चार दिवसांनी त्याच जागी तेच थेंब. सील नकली निघालं म्हणत मी पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा सील घातलं. पुन्हा थेंब. तेव्हा कुठे वर बघायची बुद्धी झाली. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, वरच्या अंगाला ऑइल प्रेशरचा स्विच होता. त्याच्या वायरीच्या टोकातून ऑइल पाझरत होतं, ब्लॉकच्या मागून उतरून हाउसिंगच्या खालच्या फटीतून ठिबकत होतं. सुपारीएवढा स्विच. वरून हात घालून दहा मिनिटांत बदलला.

म्हणून म्हणतो, तुमचा तो नट कदाचित सोडवावाच लागणार नाही. ऑइल वरून खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं. थेंब पडतो ती जागा बहुतेक वेळा गुन्हेगाराची नसते. इंजिन गार असताना डिग्रीझरनं वरपासून खालपर्यंत धुवा (अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लॅस्टिक बांधून), पूर्ण वाळू द्या, मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून टॉर्च आणि आरसा घेऊन वरून खाली बघत या. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली, तिथून सुरुवात. टॅपेट कव्हरचा (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचा) मागचा कोपरा, प्रेशर स्विच, ऑइल फिल्टरची बैठक, टर्बो असेल तर त्याचा परतीचा पाइप, हे सगळं कोरडं असेल तरच सीलचं नाव घ्या.

थेंबाचा वासही घ्या, हसू नका. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. तसा आला तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे, इंजिनाची नाहीच.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा पाइप! तो काजळीनं तुंबला की क्रँककेसमध्ये (त्या पोटात) दाब साठतो आणि जिथे जीव कमी तिथून ऑइल बाहेर ढकलतो. आज इथे सील घाला, उद्या दुसरीकडून गळेल. पाइप काढून फुंकून बघा. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण नुसतं ठेवलं तर जुन्या डिझेलवर थोडं थरथरतंच, पण ब्रीदर साफ असूनही ते उडायला लागलं तर दुखणं पिस्टनच्या रिंगांचं आहे.

टॅपेट कव्हर गळत असेल तर नट आवळत सुटू नका. कॉर्कचं पॅकिंग जास्त दाबलं की बाहेर फुगतं आणि फाटतं. पत्र्याचं कव्हर असेल तर वर्षानुवर्षं आवळून भोकांभोवती खळगे पडलेले असतात. ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं सपाट करा, मग नवीन पॅकिंग. सिलिकॉन थापणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आणि सुटलेला तुकडा चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. स्विच बदलताना आट्यांवर टेप गच्च गुंडाळू नका. एका वायरीचा स्विच स्वतःच्या बॉडीतूनच अर्थिंग घेतो, टेपनं ते तुटतं.

आता नट. खरंच सोडवायची वेळ आली, तर नट मरू द्या, स्टड वाचवा. तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करा, गंज सोडवणारं ऑइल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडा. गोटी (सॉकेट पाना) सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची कडा खाते. आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या, पुन्हा आवळायच्या, असं हलवत राहा. तरी ढिम्म असेल तर नट तापवा, स्टड नाही. गरम असतानाच आट्यांवर मेणबत्ती टेकवा, मेण आत शोषलं जातं. ज्योत लावण्याआधी तिथलं आधी मारलेलं ऑइल आणि सगळा चिकटा पुसून घ्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. एवढं करूनही नट ऐकत नसेल तर त्याच्या एका बाजूला आट्यांपर्यंत करवतीनं चीर द्या आणि छिन्नीनं उकला. नट गेला तर गेला.

स्टड मोडलाच, तर एझी-आउटला हात लावू नका, निदान माझं ऐकून तरी नाही. चांगला वेल्डर बोलवून उरलेल्या तुकड्यावर नवीन नट आतून वेल्ड करून घ्या (बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढून). वेल्डिंगचा ताप गंजाची पकड सोडवतो, थोडं निवलं की पान्यानं हळूहळू फिरवा.

पण हे पुढचं. आज रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी थेंबाचा वास कसला आला आणि प्रेशर स्विचची वायर काढल्यावर टोक ओलं होतं की कोरडं, ते कळवा. तोवर पाइपला हात लावू नका.